मामाच्या हॉलमधलं थेटर आणि पावसात अडकणारा पिक्चर

वाशीचा मामा रिटायर झाला आणि सहा महिन्यांत त्याने हॉलचं थेटर करून टाकलं. हॉल म्हणजे सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधला, दहा बाय चौदाचा, त्यात ६५ इंची टीव्ही, पाच स्पीकर, एक सबवूफर, एव्ही रिसिव्हर नावाचा ट्रंकेसारखा जड डबा (आवाज उलगडून स्पीकरांना वाटून देतो तो), आणि हे सगळं मामीचं शिलाई मशीन जागचं न हलवता, कारण तशी अटच होती. पिक्चर आणि गाणी ठेवायला बेडरूमच्या कपाटावर दोन डिस्कवाला नॅस. नॅस म्हणजे फार काही नाही, नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्क. पेनड्राईव्हसारखी टीव्हीत खुपसायची नाही, एका जागी ठेवायची आणि राऊटरमार्फत घरातला कुठलाही टीव्ही, फोन, लॅपटॉप तिच्यातून फाईल ओढून घेतो.

जुलैतल्या एका शनिवारी मामाचा फोन आला. "अरे, पिक्चर अडकतोय."

म्हटलं नेट स्लो असेल.

"नेटचा काय संबंध, माझ्याच डिस्कवरचा पिक्चर आहे. आणि गंमत सांगू का, फक्त पावसात अडकतो."

मी म्हटलं, मामा पावसात लाईटसुद्धा जाते, त्यात काय. "बाहेरच्या पावसात नाही रे बाबा, पिक्चरमधल्या!"

मी हसलो, पण खरं सांगायचं तर मामाने आजार बरोब्बर ओळखला होता, फक्त त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून गेलो आणि दुपारभर जे समजावलं तेच इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने मला महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतं. (ढापलेले पिक्चर हा आजचा विषय नाही, मामाकडच्या ब्लू-रे डिस्क, म्हणजे डीव्हीडीची पुढची पिढी, विकतच्या आहेत, त्याचा मुलगा बाहेरून येताना आणतो.)

आधी हिशोब. फोरके चित्र म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, म्हणजे एका चित्रात साधारण ८३ लाख ठिपके. एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग जास्त बारकाईने दाखवायच्या पद्धतीत, एकेका ठिपक्याचा रंग पूर्ण लिहायचा तर ३० बिट (शून्य-एकचे आकडे) लागतात, आणि पिक्चरमध्ये सेकंदाला २४ चित्रं. गुणाकार करा, सेकंदाला जवळजवळ ६०० कोटी बिट होतात, आणि दोन तासांचा पिक्चर ५.३ टीबीच्या, म्हणजे ५,३०० जीबीच्या, वर जातो. म्हणजे ६ टीबीची महागडी डिस्क आणायची आणि तिच्यात एकच पिक्चर ठेवायचा. हे कुणाला परवडणार? म्हणून फाईल दाबून लहान करतात, आणि ती कशी दाबायची, परत कशी उघडायची याची जी पद्धत तिला कोडेक म्हणतात. एच २६४ हा २००३ चा, एच २६५ ज्याला एचईव्हीसी पण म्हणतात तो २०१३ चा, एव्ही१ हा २०१८ चा. ढोबळमानाने एच २६५ तेच चित्र एच २६४ च्या निम्म्या बिटांत बसवतो, पण त्यासाठी दाबणाऱ्याला आणि उघडणाऱ्याला जास्त डोकं लावावं लागतं, म्हणून दहा-बारा वर्षं जुन्या टीव्हीला नवी फाईल दिली की तो हात वर करतो.

आता हे दाबणं होतं कसं, ही खरी मजा आहे. समजा तुम्ही तलावपाळीवर मोबाईल स्टँडला लावून मासुंदा तलावाचा व्हिडिओ घेतलात. समोरचा काठ, झाडं, मागच्या बिल्डिंगी, सगळं जागच्या जागी, फक्त एक बोट हळूहळू सरकतेय. कोडेक काय करतो, पहिलं चित्र पूर्ण लिहून ठेवतो, आणि पुढच्या चित्रांसाठी नुसती चिठ्ठी लिहितो की बाकी सगळं मघासचंच घ्या, बोट तेवढी थोडी उजवीकडे सरकवा. चिठ्ठीला कितीशी जागा लागणार? दर थोड्या वेळाने तो परत एक पूर्ण चित्र लिहितो, म्हणजे तुम्ही मधूनच पिक्चर सुरू केलात तरी त्याला धरायला काहीतरी असतं. आणि आता धो धो पाऊस सुरू झाला. पाण्यावर हजार ठिकाणी थेंब, हवेत रेघा, प्रत्येक चित्रात प्रत्येक ठिपका बदलतोय, "मघासचंच घ्या" असं म्हणायची सोयच उरली नाही. चिठ्ठीचा निबंध होतो. विसर्जनाचा गुलाल, समुद्राच्या लाटा, वाऱ्यात हलणारी झाडं, सगळ्यांची हीच कथा.

इथे दोन रस्ते असतात. स्ट्रीमिंगवाले सांगतात की सेकंदाला एवढेच बिट मिळतील, त्यात भागवा. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएसचं (सेकंदाला १५ मेगाबिट) नेट मागतं, म्हणजे पाऊस पडो की गुलाल, सगळं साधारण त्या आसपास बसवलेलं असतं, आणि म्हणून तिथल्या पावसात थेंब दिसत नाहीत, नुसता ओला गोळा दिसतो. डिस्कवरच्या पिक्चरचं तसं नाही. तिथे लागेल तेवढं घे असा कारभार असतो, फोरके ब्लू-रेला सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे. शांत सीनला ४०, पावसाला शंभरच्या वर. तुम्ही सरासरी बघितली तर ६० दिसेल, आणि सरासरी बघूनच लोक फसतात. सरासरी खोलीच्या नदीत माणूस बुडतो तो खोल जागी बुडतो ना.

मध्येच एक गोष्ट सांगून घेतो कारण नव्वद टक्के भांडणं इथून सुरू होतात. वर एमबीपीएसमध्ये जे एमबी आहे ते मेगाबिट. फाईलची साईज सांगतात ती मेगाबाईटमध्ये. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे १०० एमबीपीएसचा नेटचा प्लॅन असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाईट येणार, आणि त्यावरून केबलवाल्याशी भांडायला जाऊ नका, तो या बाबतीत तरी खरं बोलतोय.

तर मामाकडे. पिक्चर लावला, लॅपटॉपवर नॅसचा ग्राफ उघडला आणि दोघं बघत बसलो. साधा सीन चालू होता तेव्हा रेघ पन्नास-साठच्या आसपास नाचत होती. पाऊस सुरू झाला. रेघ सत्तर, ऐंशी, नव्वद, आणि चौऱ्याण्णवला जी गेली ती तिथेच सपाट, कुणी पट्टी ठेवून मारल्यासारखी. सात-आठ सेकंद झाले आणि टीव्हीवर ते गोल गोल फिरणारं चक्र आलं. मामा म्हणाला, "बघ, डिस्क दमली."

डिस्क नव्हती दमली. साधी फिरणारी हार्ड डिस्कसुद्धा मोठी फाईल वाचताना सेकंदाला दीडशे मेगाबाईट सहज देते, म्हणजे १२०० मेगाबिट. राऊटर गिगाबिटचा, म्हणजे १०००. राऊटरपासून टीव्हीपर्यंत मामाने स्वतः ड्रिल मारून, केसिंग पट्टी ठोकून कॅट सिक्स केबल ओढलेली, तीही हजार सहज नेणारी. मग ९४ ला अडतंय कोण? टीव्ही. टीव्हीच्या मागचं लॅनचं पोर्टच १०० चं असतं. स्वस्तातल्याच टीव्हीचं नाही हां, भरपूर पैसे मोजून घेतलेल्या बऱ्याच टीव्हींचंसुद्धा, कारण कंपनीच्या डोक्यात हा टीव्ही स्ट्रीमिंग बघणार आणि त्याला २५ पुष्कळ झाले. शंभरातले चार-पाच डेटाची पाकिटं बांधण्यात जातात, हाती उरतात ९४-९५. घोडबंदर रोडला कसं, कापूरबावडीपासून रस्ता केवढा रुंद, आणि गायमुखच्या घाटात सगळ्या गाड्या एका ओळीत. मागचा रस्ता आणखी दहा पदरी केलात तरी घाट तेवढाच आहे.

मी टीव्हीची लॅन केबल उपटली आणि टीव्ही वायफायवर टाकला, ५ गिगाहर्ट्झच्या. राऊटर समोरच शोकेसमध्ये होता, आठ फुटांवर. पाऊस सुरळीत पडला.

मामाचा चेहरा बघण्यासारखा होता. "म्हणजे मी भिंत फोडली ती उगाच?" आतून मामी म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." मामीने तेव्हा वेगळ्या कारणाने म्हटलं होतं पण असो.

म्हणून वायफाय केबलपेक्षा भारी असा अर्थ काढू नका. ५ गिगाहर्ट्झ एका खोलीत उत्तम, दोन आरसीसी भिंती मध्ये आल्या की त्याचा जीव जातो, आणि २.४ वाला भिंतीतून जातो पण तिथे आख्ख्या बिल्डिंगचे राऊटर एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. सांगायचं एवढंच की पिक्चर अडकला की सगळ्यात आधी नवीन डिस्क, नवीन केबल, नवीन प्लॅन घ्यायला धावू नका. फाईल जिथून निघते तिथपासून डोळ्यापर्यंतचा रस्ता कागदावर काढा, प्रत्येक टप्प्यावर किती मावतं ते लिहा, आणि सगळ्यात छोटा आकडा कुठे येतो ते बघा. बाकी कुठेही पैसे घातलेत तरी ते पाण्यात.

आवाजाचं पण हेच, फक्त तिथे रुंदीपेक्षा भाषेचा प्रश्न जास्त येतो. मामाची दुसरी तक्रार होती की काही पिक्चर लावले की चित्र येतं, आवाजच नाही, आणि काहींना आवाज आहे पण मागचे स्पीकर मुके. "एमकेव्ही चालत नाही वाटतं आपल्या टीव्हीला."

एमकेव्ही, एमपी४ ही नुसत्या डब्यांची नावं आहेत. टिफिनच समजा. एका कप्प्यात चित्र, एकात हिंदी आवाज, एकात इंग्रजी आवाज, एकात सबटायटल. आत भाजी कुठली आहे हे डब्यावरून कळत नाही, त्यामुळे "एमकेव्ही चालतं का" या प्रश्नाला उत्तरच नाही. आतला आवाज डॉल्बी डिजिटल असेल, जो डीव्हीडीवर बहुतेकदा ४४८ केबीपीएसचा (सेकंदाला किलोबिट) असायचा, तर तो कुठेही चालतो. डीटीएस, म्हणजे डॉल्बीसारखीच दुसरी पद्धत, असेल तर बऱ्याच टीव्हींना ती भाषाच येत नाही, ते चित्र दाखवतात आणि गप्प बसतात. आणि ब्लू-रेवरचा ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असेल, ज्यात आवाजातलं काहीही टाकून दिलेलं नसतं, तर आणखी एक अडचण येते, ती म्हणजे टीव्हीकडून रिसिव्हरकडे आवाज परत नेणारी वायर.

त्या वायरच्या सोयीचं नाव आर्क. २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आली. तेव्हा टीव्हीतून आवाज परत पाठवायला एवढा रस्ता पुरेल असं वाटलं असणार, त्यात साधा डॉल्बी डिजिटल आणि स्ट्रीमिंगवाला डॉल्बी डिजिटल प्लस जातो, पण ट्रूएचडी मावतच नाही. त्यासाठी ई-आर्क लागतं, जे २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये आलं, आणि ते टीव्ही आणि रिसिव्हर दोन्हीकडे असायला हवं, एकीकडे असून भागत नाही. मामाचा टीव्ही ई-आर्कवाला, रिसिव्हर सेकंडहँड, नुसता आर्कवाला. झालं.

डॉल्बीच्या ॲटमॉसबद्दल, म्हणजे डोक्यावरूनसुद्धा आवाज येतो म्हणतात त्याबद्दल, पण लोकांचा फार गोंधळ असतो. २०१२ ला आधी थेटरात आलं आणि मग घरात. ॲटमॉस हा काही वेगळा आवाज नाही, हेलिकॉप्टर आत्ता खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात आहे याची चिठ्ठी, जी मूळ आवाजाला टाचलेली असते. ती डॉल्बी डिजिटल प्लसला टाचता येते आणि ट्रूएचडीला पण. म्हणून स्ट्रीमिंगचं ॲटमॉस पण खरंच ॲटमॉस आहे, त्याच्या खालचा आवाज तेवढा दाबलेला आहे. आणि छतावर किंवा छताकडे तोंड केलेले स्पीकर नसतील तर ते चिन्ह टीव्हीवर उमटलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

मामासाठी उपाय असा केला की फाईल वाजवायचं काम टीव्हीकडून काढूनच घेतलं. एक छोटा मीडिया प्लेअरचा डबा आणला, ज्याला गिगाबिटचं लॅन पोर्ट आहे. तो डबा एचडीएमआयने आधी रिसिव्हरला, आणि रिसिव्हरमधून टीव्हीला. आवाज वाटेतच रिसिव्हरने उतरवून घेतला, चित्र पुढे टीव्हीला गेलं, आता आवाज उलटा आणायचाच नाही त्यामुळे आर्कचा प्रश्न मिटला. डब्याच्या सेटिंगमध्ये आवाज पासथ्रूवर, म्हणजे हात न लावता पुढे सोडायचा असा, ठेवायचा, नाहीतर तो शहाणपणा करून सगळ्याचं स्टिरिओ करून पाठवतो. तिथेच रिफ्रेश रेट, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र दाखवतो तो आकडा, पिक्चरप्रमाणे बदलायची सोय असते, ती पण चालू करायची, कारण २४ चित्रं ६० मध्ये सारखी वाटता येत नाहीत, एक चित्र तीनदा आणि दुसरं दोनदा दाखवावं लागतं आणि कॅमेरा आडवा फिरला की बारीक हिसके बसतात. आणि हो, मामाची केसिंग पट्टीतली केबल अखेर कामाला लागली. त्या दिवशी त्याने मला दुसरा चहा स्वतः करून दिला.

प्लेअरवर कोडी नावाचं पिक्चर वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलं. मूळ एक्सबॉक्ससाठी बनलेलं, एक्सबीएमसी नावाचं, २०१४ ला नाव बदललं. फुकट आहे. दुसरा प्रकार प्लेक्स किंवा जेलीफिन, ज्यात नॅसवर एक सर्व्हर बसतो, पोस्टर लावून पिक्चर दाखवतो, फोनवर अर्धा बघितलेला टीव्हीवर पुढे सुरू करून देतो. जेलीफिन पूर्ण फुकट, प्लेक्समध्ये काही गोष्टींना पैसे पडतात. यातलं कुठलंही घ्या, पण एक शब्द लक्षात ठेवा, ट्रान्सकोडिंग. समोरच्या टीव्हीला फाईल जशीच्या तशी झेपत नसेल तर सर्व्हर ती वाजवता वाजवता नव्याने शिजवून देतो, आणि छोट्या नॅसच्या प्रोसेसरला ते काही झेपत नाही, पंखा घरघरतो आणि पिक्चर अडखळतो. मामीच्या बाबतीत हे सबटायटलमुळे झालं. ब्लू-रेवरची सबटायटलं म्हणजे अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात, काही टीव्हींना ती वेगळी दाखवता येत नाहीत म्हणून सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती चिकटवत बसतो. बेडरूमच्या छोट्या टीव्हीवर मामीने सबटायटल चालू केलं की पिक्चर अडकायचा, बंद केलं की धावायचा, आणि मामीचा समज असा झाला की मामाने मुद्दाम तसं करून ठेवलंय. साध्या अक्षरांची एसआरटी फाईल शेजारी ठेवली, काम झालं.

गाण्यांचं त्या मानाने फारच सोपं आहे. सीडी १९८२ ची, सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप, प्रत्येक माप १६ बिटांचं, डावं-उजवं मिळून १४११ केबीपीएस. मिनिटाला साडेदहा मेगाबाईट. फ्लॅक नावाचा फाईलचा प्रकार तेच सगळं एक बिटही न सांडता साधारण निम्म्या जागेत बसवतो, एक सीडी साडेतीनशे एमबी धरा. हजार सीडी असल्या तरी साडेतीनशे जीबी. म्हणजे आयुष्यभर जमवलेली गाणी पाच-सहा फोरके पिक्चरांच्या जागेत मावतात. त्यामुळे गाणी ठेवताना कंजूसपणा करायचं आता काही कारण नाही, सीडीवरून घेतोय तर सरळ फ्लॅकच करा. गाडीत, फोनवर ३२० चा एमपी३ चालेल, आणि डोळे मिटून दोन्हीतला फरक ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय, पण घरातली मूळ प्रत फ्लॅकच हवी कारण तिच्यापासून पुढे काहीही बनवता येतं. उलटं होत नाही. एमपी३ चा फ्लॅक करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स भारी कागदावर काढणं. ओळखीत एकाने हे तीन रात्री बसून केलं, डिस्क भरली, आणि त्याला खरंच आवाज सुधारल्यासारखा वाटत होता. मी काही बोललो नाही.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, १९२ वगैरे जे विकतात त्याबद्दल माझं मत असं की आपला कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही, तेही तरुणपणी, आणि ४४.१ मध्ये २२ पर्यंतचं सगळं येतं. बाकी वरती पंखा फिरतोय, खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय, त्यात तुम्ही चोविसावा बिट ऐकणार? त्या पैशात सतरंजी आणि जाड पडदे घ्या. खरं सांगतो. आपल्याकडे हॉल म्हणजे खाली चकचकीत टाईल्स, चारी बाजूंनी सपाट भिंती. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, नंतर बारीक खणखण ऐकू आली तर संवाद कळत नाहीत ही तक्रार स्पीकरची नाही, खोलीची आहे. मामाकडे सोफ्यासमोर सतरंजी आणि खिडकीला मामीनेच शिवलेले दुपदरी पडदे लागले आणि जो फरक पडला तो कुठल्याही वायरने पडला नसता. सबवूफर कोपऱ्यातून दोन फूट बाहेर काढला, नाहीतर नुसतं घुमत होतं आणि खालच्या काकांनी दोनदा बेल वाजवली होती.

गाण्यांचा खरा ताप वेगळाच, तो नावांचा. पिक्चरला सर्व्हर पोस्टर शोधून आणतो पण मराठी गाण्यांना काही आणत नाही, आणि मग "ट्रॅक ०१, अज्ञात कलाकार" असे शंभर फोल्डर तयार होतात. एकाच गायिकेची तीन स्पेलिंगं झाली की यादीत तीन गायिका. सरळ देवनागरीत लिहा, आता सगळीकडे नीट दिसतं. आणि वेगवेगळ्या गायकांची भावगीतं एका सीडीवर असतील तर अल्बम आर्टिस्ट नावाचा रकाना असतो तो सगळ्या गाण्यांना एकसारखा भरा, नाहीतर एका सीडीचे बारा तुकडे होतात. हे काम कंटाळवाणं आहे, रोज दहा सीडी करा, बातम्या बघता बघता होतं.

आता साठवणीबद्दल, आणि इथे मामा खरा रडला.

१ टीबीची डिस्क घेतली की विंडोजवाला कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतो, ही फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. पेनड्राईव्हवर पिक्चर टाकताना "जागा नाही" म्हणतो आणि जागा तर भरपूर असते, तेव्हा तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. हे किरकोळ. खरी चूक म्हणजे दोन डिस्कवाला नॅस घेतला म्हणून आपल्याकडे बॅकअप आहे असं समजणं.

दोन डिस्कवर एकच गोष्ट एकाच वेळी लिहिली जाते त्याला रेड १ म्हणतात. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग. आरसा आहे तो. तुम्ही एकीकडे पुसलंत की दुसरीकडेही त्याच क्षणी पुसलं जातं. मामाने दिवाळीच्या साफसफाईत "नवीन फोल्डर ३" उडवला. रिसायकल बिन बंद. त्या फोल्डरमध्ये आजीच्या ओव्या होत्या, १९८४ च्या सुमारास मामाने गावी कॅसेटवर भरलेल्या, ज्या त्याने मोठ्या कष्टाने कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. चारशे पिक्चर शाबूत, आणि गेलं ते हेच.

बघा ना, पिक्चर ६० जीबीचा आणि तो परत मिळतो, डिस्क कपाटात आहे, नाहीतर कुठे ना कुठे विकत मिळेल. ओव्या तीनशे एमबीच्या, आणि त्या जगात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. बॅकअप घेताना लोक साईज बघतात, मोठं ते महत्त्वाचं समजतात. आधी वेगळे करा ते घरचे आवाज, घरचे व्हिडिओ, फोटो. त्यांच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाऊड चालेल, तो काही आकाशात नसतो, मामाकडे जाताना ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात त्या बिनखिडक्यांच्या डेटा सेंटरच्या इमारती दिसतात, तसल्याच कुठल्यातरी इमारतीतल्या डिस्क असतात त्या. मामाचं घराबाहेर म्हणजे माझं नौपाड्यातलं घर, आणि माझं घराबाहेर म्हणजे मामाचं घर. दर दोन-तीन महिन्यांनी यूएसबी डिस्कची अदलाबदल होते, सोबत मामीचे कडबोळे पण येतात. नॅसला छोटा यूपीएस मात्र लावा, लिहिता लिहिता लाईट गेली की डिस्कला ते मानवत नाही.

नशीब एवढंच की मूळ कॅसेट माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होती. नव्वद मिनिटांची, लेबलवर मामाच्या कॉलेजातल्या अक्षरात "आई". वाशीची दमट हवा, फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरायला लागली होती. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसलं, कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून मोकळी केली, डेकच्या लाईन आऊटमधून यूएसबी साऊंड कार्डला, आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. मामा म्हणाला ती खरखर काढ. म्हटलं काढू, पण कॉपीवर. मूळ आहे तशी खरखरीसकट ठेवायची, कारण खरखर काढणारं सॉफ्टवेअर आजीच्या स, श मधला वारा पण काढून टाकतं, आणि एकदा काढलेलं परत भरता येत नाही.

संध्याकाळी ती हॉलमध्ये लावली. रिसिव्हर स्टिरिओवर, सगळे स्पीकर वाजवायची हौस बंद, एका मायकाचा आवाज, तो समोरूनच यायला हवा. जात्याची घरघर सबवूफरने अशी काही उचलली की मामीने शिवता शिवता मशीन थांबवलं. चार ओव्या झाल्या, पाचवीत आजी मध्येच थांबली, आणि तिचा तो नेहमीचा करडा आवाज आला, "बास झालं रे, बंद कर ते, सेल संपतील उगाच."

मामाचा हात आपोआप रिमोटकडे गेला.